जुनी गाडी ‘मिसिंग’ करते तेव्हा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनारसारख्या गावात, केळी-कापसाच्या शिवारातल्या धुळीत, जुन्या मारुती 800ने हिसके देणे नवलाचे नाही. 1983 साली आलेल्या या गाडीचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. त्यातला एक नीट पेटला नाही, तरी सगळी गाडी थरथरते; यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. घाबरून लगेच इंजिन खोलू नका. स्वस्त तपासण्या आधी करा.

सुरुवात एअर फिल्टरपासून करा. तो धुळीने बुजला की हवा कमी पडते आणि पेट्रोल अर्धवट जळते. मग इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट काळेपणा म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल उतरते आहे. झिजलेले प्लग बदला, गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवा. प्लगच्या वायरी व डिस्ट्रिब्युटरची टोपी तडकलेली नाही ना, तेही बघा.

पुढे पेट्रोल फिल्टर, कार्ब्युरेटरचे जेट आणि रबरी नळ्या. नळीला चीर पडली की जादा हवा शिरते आणि आयडलिंग बिघडते. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर लवकर खराब होऊ शकते, म्हणून नळ्यांकडे विशेष लक्ष द्या.

इंजिन चालू असताना प्लगच्या वायरींना हात लावू नका. जबर झटका बसतो. एवढे करूनही थरथर राहिली, तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या.