घरी बसून वाचलेले पैसे कुणाच्या खिशात जातात?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दोन गोष्टी नेमाने लिहिल्या जातात. एक दुधाचा खाडा, दुसरी ‘गॅस लावला’. 2020 चं कॅलेंडर मी अजून रद्दीत दिलेलं नाही. त्यात फेब्रुवारीपर्यंत गॅसच्या दोन नोंदींमध्ये दीड महिन्याचं अंतर दिसतं, एप्रिलनंतर ते जेमतेम महिन्यावर आलं आहे. ‘खाडा’ हा शब्द तर मार्च ते जून एकदाही नाही. गावाला गेलं, लग्नाला गेलं की खाडा पडतो, आणि कुणी कुठे जातच नव्हतं.

तरी लॉकडाऊनच्या त्या दिवसांत आमच्या शहरातल्या गारखेड्यात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर एकच वाक्य ऐकू यायचं, “एक बरंय, खर्च तरी वाचतोय.” पुढे पुण्याच्या आयटी कंपन्यांतली मुलं लॅपटॉप घेऊन पुंडलिकनगरात, शिवाजीनगरात, उल्कानगरीत आईवडिलांकडे राहायला आली. तेव्हा तेच वाक्य नव्या कपड्यांत आलं: खोलीचं भाडं वाचलं, मेस वाचली. आता आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम चालतं, तरी समज जागचा हललेला नाही. त्यात खरं किती, हे वही काढूनच पाहायला हवं.

“पेट्रोल वाचलं म्हणजे पैसा वाचला”

गारखेड्याहून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुचाकीने जाऊन-येऊन चौदा किलोमीटर धरा. 25 दिवसांचे साडेतीनशे किलोमीटर झाले, आणि गाडी पन्नासचं ॲव्हरेज देत असेल तर लागलं सात लिटर. वाळूजला अंतर जास्त, पण तिकडे जाणारे कितीतरी जण कंपनीच्या बसने जातात. त्यांचं वाचणार ते काय, तर स्टॉपपर्यंत झिजणारी चप्पल.

देशाचा आकडाही हेच सांगतो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये निघाला. त्यात प्रवास-वाहतुकीचा वाटा साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि खाण्यापिण्याचा जवळपास चाळीस. म्हणजे प्रवासाचा खर्च अगदी शून्यावर आणला आणि खाण्याचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक वाढला, की हिशोब फिटला. ताटात चाराच्या जागी पाच पोळ्या, एवढीच ती वाढ. आणि प्रवास शून्यावर कधीच येत नाही. दळण, दवाखाना, आजोबांची पेन्शन, हे घरी बसणाऱ्यालाच सांगितलं जातं, कारण “तू घरीच आहेस ना!”

एप्रिल 2020 मध्ये देशातला पेट्रोलचा खप सुमारे 60 टक्क्यांनी घसरला. त्याच महिन्यात घरगुती गॅसचा खप 12 टक्क्यांच्या आसपास वाढला. जे इंधन रस्त्यावर जळायचं थांबलं, त्यातलं थोडं ओट्यावर जळू लागलं. पेट्रोल स्वस्त झालं असेल म्हणावं, तर तेही नाही. जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळले होते, पण मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे 10 रुपयांनी वाढवला, आणि 7 जूनपासून पंपावरचा भाव रोज चढत गेला.

“घरचं खाणं म्हणजे खर्च कमी”

ताटाला ताट लावलं तर हे खरंच आहे. घरच्या वरण-भात-पोळी-भाजीच्या पैशात हॉटेलात एक भाजीही येत नाही. पण घरी बसलेला माणूस फक्त ताट जेवत नाही. साडेअकराला त्याला काहीतरी हवं असतं, चारला चहाबरोबर काहीतरी, मीटिंग संपली की पुन्हा. ऑफिसात हे ‘काहीतरी’ दहा रुपयांचा चहा आणि मित्राच्या डब्यातला चिवडा असतो. घरात त्याचा डबा भरावा लागतो.

कुणी म्हणेल, हे लॉकडाऊनपुरतं होतं. बिस्किटांच्या एका जुन्या देशी कंपनीने 2020 च्या मार्च ते मे या महिन्यांत आठ दशकांतली सर्वोत्तम विक्री झाल्याचं सांगितलं, ते खरं तेव्हाचं. पण वर सांगितलेलं सर्वेक्षण सगळं सुरळीत झाल्यानंतरचं आहे. त्यातही शहरी घरांच्या खाण्याच्या यादीत सर्वांत वर पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेले पदार्थच आहेत, एकूण खर्चाच्या सुमारे 11 टक्के. दूध त्याखाली, भाजी त्याखाली, डाळी तर फारच खाली.

त्यात साठवणुकीची हौस. 10 ते 18 जुलै 2020 या नऊ दिवसांत आपल्या शहरात वेगळा कडक लॉकडाऊन लागला होता. आदल्या दोन दिवसांत आम्ही जे भरलं, त्यात तीन किलो मैदा होता. आमच्या घरात तीन किलो मैदा वर्षात लागत नाही. मोबाइलवर बघून एकदा नानकटाई झाली, एकदा पिझ्झ्याची भाकरी झाली (दुसरा शब्द सुचत नाही), आणि उरलेल्यात पोळ्यापर्यंत किडे झाले. रव्याला जाळी धरली ती वेगळी. वहीत मैदा ‘खर्च’ म्हणून लागला, फेकला तेव्हा तो कुठेच लागला नाही.

घरपोच सामानाचंही असंच. बाजारात गेलो नाही तर फालतू खरेदी टळते म्हणतात. मात्र ॲपवर फुकट डिलिव्हरीसाठी एक किमान रक्कम गाठावी लागते, आणि ती गाठायला जे दोन जिन्नस आपण शोधून टाकतो, ते यादीत कधीच नसतात. कोपऱ्यावरचा किराणावाला असं काही म्हणत नाही. त्याच्याकडे पाच रुपयांची मोहरीसुद्धा मिळते आणि खात्यावरही लिहिता येते.

“लॅपटॉपमुळे लाइट बिल वाढलं”

हा समज सर्वांत पक्का, आणि चूक दाखवायला सर्वांत सोपा. लॅपटॉप साधारण 60 वॉटचा. नऊ तास, 25 दिवस चालला तर साडेतेरा युनिट. त्या खोलीतला जुना पंखा 75 वॉटचा. रोज दहा तास जास्त फिरला तर महिन्याचे साडेबावीस युनिट. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पंखा पुरत नाही, कूलर लागतोच. तो 200 वॉटचा धरला आणि दिवसा आठ तास चालवला, तर 48 युनिट. तिघांचे मिळून 84 झाले, आणि त्यात लॅपटॉप शेवटच्या नंबरावर.

खरी गोम टप्प्यांत आहे. 2020 च्या एप्रिलपासून महावितरणचा घरगुती ऊर्जा आकार पहिल्या 100 युनिटला 3 रुपये 46 पैसे होता आणि 101 ते 300 पर्यंत 7 रुपये 43 पैसे. ज्या घराचे 100 युनिट आधीच होत होते, त्याला हे वाढीव 84 युनिट दुपटीहून जास्त भावाने पडले. नुसता ऊर्जा आकारच सव्वासहाशे रुपये, वहन आकार आणि वीज शुल्क त्यावर वेगळं. वर काढलेलं सात लिटर पेट्रोल आठवतंय? त्या वेळच्या भावाने ते साधारण सहाशेचं होतं.

जून 2020 च्या बिलांवरून मोठा गदारोळ झाला होता. लोकांचं म्हणणं, तीन महिन्यांचं एकदम बिल दिल्याने युनिट वरच्या टप्प्यात ढकलले गेले. प्रत्यक्षात 23 मार्चपासून रीडिंग बंद होतं आणि मधली बिलं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर निघाली होती. म्हणजे कूलर चालू असताना बिल थंडीचं आलं. जूनमध्ये खरं रीडिंग झालं तेव्हा फरक एकदम अंगावर आला. टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिल्याचं महावितरणने सांगितलं होतं, आणि बिलात ते तपासताही येत होतं. पण बिलाच्या मागची बाजू वाचायची सवय आपल्याला कुठे आहे? नोकरी गेलेल्याला तो आकडा जड गेला हे खरंच, त्याची चीड रास्तच होती. फक्त चोर टप्पा नव्हता. घरात काढलेला उन्हाळा होता.

“नळपट्टी तर ठरलेली, पाण्याला काय खर्च?”

नळपट्टी ठरलेलीच आहे. आपल्या महापालिकेने 2022 मध्ये ती वर्षाला 4,050 वरून 2,025 रुपयांवर आणली. माणसं घरात दोन असोत की सहा, दिवसभर घरात असोत की नसोत, पट्टी तीच. पण जायकवाडीचं पाणी आपल्या गल्लीत रोज येत नाही, काही दिवसांच्या गॅपने येतं, आणि हौद भरून ठेवावा लागतो. तो हौद सगळे बाहेर असतात तेव्हा पुढच्या पाण्यापर्यंत पुरतो. सगळे घरात असले की आदल्या दिवशीच तळ दिसतो. मोठा कूलर कोरड्या उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. आठ तासांत पाच बादल्या! मग टँकर मागवा, प्यायला जार मागवा. नळपट्टीच्या पावतीवर यातलं काही उमटत नाही.

“लॉकडाऊनमध्ये सगळ्यांची बचत झाली”

कागदावर झाली. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत घराघरांची आर्थिक बचत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास 21 टक्क्यांवर गेली. पुढच्याच तिमाहीत ती 10.4 टक्क्यांवर उतरली. दुकानंच बंद असताना जे उरतं त्याला बचतीची सवय म्हणत नाहीत. 2022-23 मध्ये तर ती पाच टक्क्यांच्या आसपास होती.

शिवाय ‘सगळ्यांची’ हा शब्द खोटा. वाळूज, शेंद्र्याला मशिनवर उभा राहणारा माणूस घरून काम करू शकत नव्हता. त्याचं घरी बसणं म्हणजे पगार बुडणं. मार्चअखेरीस भविष्य निर्वाह निधीतून खास उचल घ्यायची सोय झाली ती अशांसाठीच. मे, जून, जुलैच्या पगारांत निधीची कपात 12 वरून 10 टक्क्यांवर आली आणि अनेकांना हातात थोडे जास्त पैसे दिसले. त्यालाही काही जण बचत समजले. म्हातारपणचेच पैसे होते ते, लवकर आले एवढंच.

कर्जाच्या हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट सवलत मिळाली तेव्हाही ‘हप्ते माफ’ अशीच बातमी गल्लीत फिरली. माफ काहीच नव्हतं, हप्ता पुढे गेला आणि व्याज चालू राहिलं. 23 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरचं व्याज तेवढं घेऊ नका म्हटलं. मूळ व्याज ज्याचं त्यानेच भरलं.

रोख संपली, सगळं ऑनलाइन झालं, असंही म्हणतात. ऑनलाइन वाढलं हे खरं, पण 2020-21 मध्ये चलनातल्या नोटांचं मूल्यही जवळपास 17 टक्क्यांनी वाढलं. भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देणारेच कपाटात पाचशेच्या नोटा ठेवत होते. आम्हीही.

मग वहीत वाढ का दिसते?

यादी करून सगळे विसरतात ते हे: वाचणारे पैसे आणि वाढणारे पैसे एका माणसाचे नसतात. पेट्रोल, टपरीचा चहा, कचोरी, शुक्रवारचं जेवण हे कमावत्याच्या पाकिटातून जायचं आणि कुठे लिहिलं जायचं नाही. ते थांबलं, तर वाचलेलंही लिहिलं गेलं नाही. गॅस, दूध, किराणा, लाइट, टँकर मात्र घराच्या वहीत. म्हणून महिनाअखेरीस वही फुगलेली दिसते, आणि जिच्या हातात वही तिला विचारलं जातं, “एवढा खर्च कशाला झाला?” कंपनीची गोष्टही वेगळी नाही. तिच्या इमारतीतला एसी बंद झाला आणि आमचा कूलर सुरू झाला. पगारदाराला घरातल्या विजेसाठी आयकरात वेगळी वजावटही मिळत नाही.

मिनिटांचा तर हिशोबच नाही. सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं होती आणि पुरुषांची 97. मध्ये अख्खा देश घरात बसून उठला. 2024 च्या सर्वेक्षणात आकडे आले 289 आणि 88. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांचीही नऊ झालीच. धुणं-भांड्यांच्या मावशींना लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी गेटवरच थांबवलं. त्यांचा पगार ‘वाचला’ असं लिहिणाऱ्या घरांत भांडी कुणी घासली, ते वहीत नाही.

यंदा जानेवारीत मी वहीला एक रकाना वाढवला आणि मुलाला सांगितलं, बाहेरचा खर्च तू यात लिही, ऑफिसच्या दिवसाचाही आणि घरच्या दिवसाचाही. त्याने नऊ दिवस लिहिलं. चहा, पेट्रोल, चहा, पार्किंग, सँडविच. दहाव्या दिवसापासून रकाना कोरा आहे. शेजारच्या रकान्यात त्याच तारखेला माझ्या अक्षरात ‘गॅस लावला’ आहे, मागच्या नोंदीनंतर एकतिसाव्या दिवशी.