जठरांतील बिऱ्हाडकरू

मनुष्याच्या जठरांत पाझरणारें अम्ल आणि फरशी घासण्यासाठीं बाटलींतून विकत आणलें जाणारें अम्ल हीं जातीनें एकच. जठरांतलें अधिक पातळ असतें, एवढाच काय तो फरक. तरीहि अन्नपाण्याबरोबर गिळले गेलेले बहुतेक जंतु त्यांत थोड्याच वेळांत मरून जातात. ह्यामुळें जठर हें निर्जंतुक पात्र आहे, तेथें कोणताहि जंतु ठाण मांडून बसूं शकत नाहीं, असें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस पिढ्यान्पिढ्या शिकविण्यांत येत असे. वास्तविक इटलींतील बिझोझेरो ह्या शास्त्रज्ञानें १८९३ सालींच कुत्र्याच्या जठरांत मळसूत्रासारखे पीळदार जंतु पाहिले होते, आणि पुढें मनुष्याच्या जठरांतहि ते अधूनमधून कोणाकोणाच्या दृष्टीस पडत. परंतु १९५४ सालीं अमेरिकेंतील एका संशोधकानें हजाराहून अधिक लोकांच्या जठरांतील नमुने तपासले आणि त्यास एकहि जंतु आढळला नाहीं. झालें! पूर्वीं दिसले ते बाहेरून शिरलेले असावेत, अशी सर्वांची समजूत पक्की झाली. नमुने रंगविण्याची जी रीत त्यानें वापरली तींत हे जंतु नीट उठून दिसत नाहींत, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरांत रॉबिन वॉरेन हे विकृतिशास्त्रज्ञ एका मोठ्या रुग्णालयांत काम करीत. १९७९ सालीं जठराच्या आंतील त्वचेचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असतां त्यांना तीवर एक निळसर रेघ दिसली. चांदीच्या क्षारानें नमुना रंगवितांच त्या रेघेंत असंख्य वांकडे जंतु स्पष्ट उमटले. जेथें हे जंतु तेथें दाह, असा अनुभव पुढें पुनःपुन्हा येऊं लागला. १९८१ सालीं बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेंत जंतु वाढविण्याचे यत्न मात्र फसत, कारण दोन दिवसांत कांहीं उगवलें नाहीं कीं बशा टाकून देण्याचा परिपाठ होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुटींत कांहीं बशा उबवणीच्या पेटींत तशाच राहून गेल्या, आणि सुटी संपवून मंडळी परत येतात तों त्यांत जंतूंची वसाहत उभी! जनावरांवरील प्रयोग साधेनात, तेव्हां १९८४ सालीं मार्शल ह्यांनीं जंतु कालवलेलें पाणी स्वतःच पिऊन टाकलें. थोड्याच दिवसांत मळमळ आणि वांत्या सुरू झाल्या, आणि पूर्वीं निरोगी असलेल्या त्यांच्या जठरांत दाह व जंतु दोन्ही आढळले.

२००५ सालीं ह्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून ही कथा पुष्कळ वेळां सांगितली जाते. परंतु त्या धाडसानें सिद्ध काय झालें, तर ह्या जंतूनें जठराचा दाह होतो, इतकेंच. त्या दाहाचा कर्करोगाशीं कांहीं संबंध आहे कीं काय, ह्या प्रश्नाचें उत्तर एक घोट घेऊन आठ-दहा दिवसांत मिळण्यासारखें नव्हतें. आणि प्रश्न तर लहानसहान नव्हे: २०२२ ह्या एका वर्षांत जगांतील सुमारे ९ लक्ष ६८ हजार लोकांस जठराचा कर्करोग जडला व सुमारे ६ लक्ष ६० हजार त्यास बळी पडले.

१९८९ सालापासून ह्या जंतूस हेलिकोबॅक्टर पायलोरी असें म्हणतात. तो अम्लांत फार वेळ राहत नाहीं. जठररसांत थोडा यूरिया असतो. त्याचें विघटन करून हा जंतु अमोनिया तयार करतो आणि त्या अमोनियाचें कवच भोंवतीं घेऊन, मळसूत्राप्रमाणें फिरत, जठराच्या भिंतीवरील बुळबुळीत थरांत शिरतो. तेथें अम्लाची धग पोंचत नाहीं. हा शिरकाव बहुधा बालपणींच, आणि तोहि घरांतल्याच माणसांकडून होतो; एकदां बिऱ्हाड थाटलें कीं तें सहसा जन्मभर हलत नाहीं. शरीराचे रक्षक जे पांढरे रक्तकण ते त्याच्यावर चालून जातात खरे, परंतु त्यांचीं रासायनिक अस्त्रें शत्रूपेक्षां घरच्याच भिंतीला अधिक लागतात. वर्षानुवर्षें चाललेल्या ह्या चकमकींत जठराच्या पेशींमधील आनुवंशिक द्रव्यास इजा होत राहते. शिवाय ह्या जंतूच्या कांहीं जातींपाशीं सुईसारखें एक साधन असतें. त्यानें ते कॅग-ए नांवाचें प्रथिन सरळ पेशींत टोंचतात, आणि मग पेशींनीं केव्हां वाढावें व केव्हां थांबावें ह्याची शिस्तच बिघडते.

ह्या ऱ्हासाचे टप्पे कोलंबियांत जन्मलेले पेलायो कोरेया ह्यांनीं, पर्थचा शोध लागण्यापूर्वींच, दाखवून दिले होते. आरंभीं दाह, पुढें अम्ल पाझरणाऱ्या ग्रंथी सुकतात, त्यांच्या जागीं आंतड्यांत असते तसली त्वचा उगवते, मग पेशींची ठेवण विस्कटते, आणि अखेर, थोड्याजणांत, कर्करोग. ह्या प्रवासास कित्येक दशकें लागतात. मौज अशी कीं, जठर असें सुकून अम्ल आटलें म्हणजे ह्या जंतूलाच तेथें राहणें परवडत नाहीं. तो निघून जातो किंवा अगदीं विरळ होतो. कर्करोग झालेल्या माणसाचें जठर तपासावें, तर जंतु पुष्कळदां सांपडतच नाहीं! अशा परिस्थितींत त्याच्यावर आरोप ठेवावा तरी कसा?

पुरावा मिळाला तो जुन्या रक्तांत. हवाई बेटांवरील सुमारे ५,९०० जपानी वंशाच्या पुरुषांचें रक्त १९६७ ते १९७० ह्या काळांत घेऊन गोठवून ठेवलें होतें. पर्थच्या जंतूचें तेव्हां नांवहि नव्हतें. १९८९ पर्यंत ह्या पुरुषांपैकीं १०९ जणांस जठराचा कर्करोग झाला. त्यांचें जुनें रक्त बाहेर काढून पाहतात तों शंभरांत ९४ जणांच्या रक्तांत, रोग जडण्यापूर्वींच्या काळांत, ह्या जंतूविरुद्ध शरीरानें तयार केलेलीं द्रव्यें हजर होतीं. हा अभ्यास १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया व ब्रिटन येथील गोठविलेल्या रक्तानेंहि त्याच वर्षीं तीच साक्ष दिली. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें ह्या जंतूस निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गांत, तंबाखूच्या पंक्तीस, नेऊन बसविलें.

मात्र हवाईच्या त्याच अभ्यासांत आणखी एक आंकडा आहे. कर्करोग न झालेल्या पुरुषांच्या रक्तांतहि शंभरांत ७६ वेळां तीच खूण आढळली. म्हणजे जंतु बाळगणारे बहुसंख्य लोक ह्या रोगापासून दूरच राहतात. जपानांत १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षें नजर ठेवण्यांत आली. त्याचा वृत्तांत २००१ सालचा आहे. जंतु असलेल्या १,२४६ जणांपैकीं ३६ जणांस जठराचा कर्करोग झाला, आणि जंतु नसलेल्या २८० जणांपैकीं एकासहि नाहीं. पुढची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी: जंतु असूनहि ज्यांच्या लहान आंतड्याच्या आरंभीं व्रण होता अशा २७५ जणांतहि एकास कर्करोग झाला नाहीं. ह्याचा उलगडा असा. दाह जठराच्या खालच्या टोकाशींच राहिला तर अम्ल वाढतें आणि पुढच्या आंतड्यास व्रण पडतो. तोच दाह वर पसरून अम्लाच्या ग्रंथींना ग्रासूं लागला तर अम्ल आटतें. पहिल्याच्या पोटांत आग पडते, म्हणून तो डॉक्टरकडे धांव घेतो. दुसऱ्यास पुष्कळदां कांहींच कळत नाहीं. जळजळ नाहीं म्हणून जठर सुरक्षित, हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

जंतूची जात, घराण्यांतील रोगाची परंपरा, खारविलेलें व धुरावलेलें अन्न, तंबाखू, ह्या साऱ्यांचा ह्यांत हात असतो. भारतांत निम्म्याहून अधिक लोक हा जंतु बाळगतात, परंतु जठराचा कर्करोग जपान किंवा कोरिया येथल्यापेक्षां पुष्कळ कमी. अपवाद मिझोरमचा. तेथें धुरावलेल्या मांसाचा प्रघात आहे, आणि तंबाखूचा धूर मुरविलेलें 'तुइबुर' नांवाचें पाणी तोंडांत धरण्याची चालहि आहे. भारतांत जठराच्या कर्करोगाचें प्रमाण सर्वांत अधिक असलेल्या प्रदेशांत ह्या राज्याची गणना होते.

मग औषधानें जंतु नाहींसा केला तर रोग टळतो काय? चीनच्या फूजियान प्रांतांत १,६३० जंतुधारी लोकांपैकीं निम्म्यांस औषध आणि निम्म्यांस नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या देण्यांत आल्या. साडेसात वर्षांनीं पाहिलें, तों औषध घेतलेल्यांत ७ आणि न घेतलेल्यांत ११ जणांस कर्करोग झालेला. हा भेद इतका अल्प कीं तो केवळ योगायोग म्हणतां यावा. परंतु २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांतच खरी मेख आहे. प्रयोगाच्या आरंभीं ज्यांच्या जठरांत ग्रंथी सुकण्याचे किंवा त्वचा पालटण्याचे टप्पे लागले नव्हते, त्यांच्यापैकीं औषध घेतलेल्यांत कर्करोगाचा एकहि रोगी नव्हता. न घेतलेल्यांत सहा होते. आंकडे लहान आहेत, पण रोख स्पष्ट आहे: उपचार जितका लौकर तितका त्याचा गुण अधिक. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सबंध वस्तीचीच तपासणी करून जंतुधाऱ्यांस औषध देण्यांत आलें, आणि पुढील वर्षांत तेथील जठराच्या कर्करोगाचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. जपाननें २०१३ सालीं व्रण नसलेल्या, नुसता दाह असलेल्या जंतुधाऱ्यांच्या उपचारांचाहि सरकारी विम्यांत समावेश केला.

जंतु आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं प्रत्येक वेळीं दुर्बीण घालावी लागत नाहीं. निराळ्या वजनाचा कर्ब असलेला यूरिया रोग्यास पाजतात. जंतु असेल तर तो त्याचें विघटन करतो आणि तोच कर्ब श्वासावाटे बाहेर पडतो. उपचारांत अम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर किमान दोन प्रतिजैविकें, बहुधा चौदा दिवस द्यावीं लागतात. येथें घरोघर चालणारा हलगर्जीपणा महागांत पडतो. चार दिवसांत बरें वाटलें म्हणून गोळ्या सोडल्या, किंवा शेजाऱ्याच्या उरलेल्या आणून घेतल्या, म्हणजे जंतु मरत नाहीं, औषधास सरावतो. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतु भारतांत आधींच फार बोकाळले आहेत. म्हणून औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनीं श्वासाची परीक्षा पुन्हा करून घेतात. घराण्यांत कोणास हा कर्करोग झालेला असेल तर आई, बाप व भावंडें ह्यांनीं डॉक्टरच्या सल्ल्यानें आपली तपासणी करून घेणें अगत्याचें समजतात. आणि ज्यांच्या जठरांत तो पालट पूर्वींच बराच पसरलेला असतो त्यांस, जंतु गेल्यावरहि, ठराविक मुदतीनें दुर्बिणीखालीं जावेंच लागतें.