बेल हाउसिंग मिटण्याआधी

भिलाईत आलेल्या पाहुण्याला दाखवायचा तो पोलाद कारखाना. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ सालचा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि भारतीय रेल्वेचे रूळ म्हटलं की भिलाई हे समीकरण त्यानंतर पक्कं झालं. त्यावर लिहून झालं आहे. या शहराच्या पोटापाण्याचा एक मोठा भाग मात्र जी.ई. रोडलगतच्या गॅरेजांमध्ये चालतो. भंगार, धातुमळी, गिट्टी, वाळू वाहणारे टिपर तिथे येतात. शहर संपलं की दुर्ग जिल्ह्याची धानाची शेतं लागतात, तिथले ट्रॅक्टरही येतात. दोघांचं एक दुखणं सारखंच, ते म्हणजे क्लच.

गिअरबॉक्स उतरवायला ताकद लागते. तो परत चढवताना मात्र ताकद जितकी कमी वापरावी तितकं बरं. क्लचच्या दोन प्लेटा असतील तर हे फारच खरं.

दोन प्लेटा कशाला? क्लच म्हणजे घर्षणावर चालणारा सौदा. इंजिनाचं फ्लायव्हील आणि स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये अस्तर लावलेली चकती चिमटीत पकडली जाते आणि ती गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. एका चकतीला घासायच्या दोन बाजू. मध्ये एक लोखंडी तरती प्लेट घालून दुसरी चकती बसवली की बाजू चार होतात. व्यास तोच, दाब तोच, ओढायची ताकद दुप्पट. आपल्याकडच्या अवजड ट्रकांना बहुधा ४३० मिलिमीटरची एकच मोठी चकती देतात, अमेरिकी ट्रकांत साडेपंधरा इंची दोन चकत्यांची जुनी परंपरा आहे. मोटरसायकलीतही चकत्यांची चळत असते, पण त्या तेलात बुडालेल्या आणि खाचा असलेल्या डब्यात अडकवलेल्या, त्यामुळे आपोआप मध्यावर राहतात. कोरड्या क्लचला तशी सोय नाही.

या कुळातला एक दणकट नमुना रणगाड्यात सापडतो. १९७१ च्या युद्धात आपल्याकडे असलेल्या टी-५५ चा मुख्य क्लच कोरडा, अनेक चकत्यांचा, पोलादावर पोलाद घासणारा होता. भिलाईला झोतभट्ट्या देणाऱ्या देशाचीच ही बनावट, एवढ्यासाठी त्याची आठवण.

भिलाईच्या गॅरेजात दोन प्लेटांचा क्लच भेटतो तो मुख्यतः ट्रॅक्टरमध्ये, आणि तिथे त्याचं कारण वेगळं आहे. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात एक चकती चाकांसाठी, दुसरी पीटीओसाठी, म्हणजे मागे जोडलेलं रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र फिरवणाऱ्या शाफ्टसाठी. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, यंत्र फिरत राहतं. पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. पावसाळ्यात चिखलणी करताना रोटाव्हेटर अडतं आणि चालकाचा पाय पेडलवरून उठत नाही. अर्ध्या दाबलेल्या पेडलवर तासन् तास काम चाललं की अस्तर जळतं. तो वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. रोपणी संपली की हे ट्रॅक्टर गॅरेजात येतात आणि धान कापणीच्या आत परत हवे असतात.

क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. इंजिनाकडचा भाग पाचरी मारून जखडतात, मागचा भाग जॅक-ट्रॉलीवर मागे ओढतात. जुन्या प्लेटा काढणं, फ्लायव्हील घासून साफ करणं, तेल कुठून गळतंय ते बघणं हे सगळे करतात. खरी परीक्षा मध्य साधण्याची.

स्प्रिंगांच्या दाबाखाली चकती एकदा पकडली गेली की हलत नाही. ती मिलिमीटरभर सरकलेली असताना बोल्ट आवळले तर शाफ्टचं टोक तिच्या मधल्या दातेरी हबमधून जाऊन फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचणारच नाही. एका चकतीचं निभावतं. मध्य साधायला लाकडाची नीट तासलेली दांडीही चालते, कारण शाफ्टचे दात थोडे फिरवून जुळवून घेता येतात. ट्रकच्या दोन चकत्यांत मात्र एकच शाफ्ट दोन्ही हबांतून जातो. मध्य जुळून भागत नाही, दोन्ही हबांचे दातही एका रेषेत हवेत. दोन सुया मागे-पुढे धरून एकाच दोऱ्यात ओवाव्यात, तसं. म्हणून दांडी नको, दात असलेला डमी, म्हणजे खोटा शाफ्ट हवा.

ट्रॅक्टरात उलट आहे. तिथे दोन शाफ्ट, एक दुसऱ्या पोकळ शाफ्टच्या आतून जाणारा. पीटीओचा शाफ्ट मागून हाताने फिरवता येतो आणि चाकांकडचा शाफ्ट गिअर टाकून चाक फिरवलं की फिरतो. दात शेवटी जुळवता येतात, पण मध्य आधीच साधलेला हवा, आणि दोन्ही हबांची भोकं वेगळ्या मापाची म्हणून डमीही पायऱ्यांचा. काही बनावटींत पीटीओची चकती क्लचच्या संचातच स्प्रिंगखाली अडकलेली असते. लांब बोल्ट लावून दाब हळूहळू सोडायचा, चकती मध्यावर आणायची, पुन्हा आवळायचं. इथे घाई केली तर हाताला इजा होते.

बाजारात प्लॅस्टिकचे डमी मिळतात. माझं मत विचाराल तर चांगल्या मिस्त्रीच्या कोनाड्यातला डमीच श्रेष्ठ: गिअरच्या बाजूने मोडलेल्या, पण स्प्लाइन, म्हणजे दात, शाबूत असलेल्या जुन्या शाफ्टचा कापलेला तुकडा. स्प्लाइन झिजलेला तुकडा कामाचा नाही. तो हबमध्ये डुलतो आणि डुलणाऱ्या मापाला माप म्हणता येत नाही.

चकतीची फ्लायव्हीलकडची बाजू पाहून घ्यायची, कारण उलटी लावली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसटसं, जास्त झालं तर उडून अस्तरावर जातं. कव्हरचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळायचे आणि तोवर डमी आतच ठेवायचा. शेवटी तो सरळ, न अडता बाहेर आला तर काम जमलं.

मग दोन भाग एकत्र आणायचे. बेल हाउसिंगच्या भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट घातलेले असतात, त्यांच्यावरून मागचा भाग सरकतो. दोन बोटं अंतर उरतं आणि गाडी अडते. इथे मिस्त्री ओळखू येतो. कच्चा माणूस पाना घेतो आणि बोल्ट आवळून फट मिटवायला बघतो. फट मिटते, पण आत हब वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तडकतो. जाणता माणूस जॅक किंचित वर-खाली करतो आणि मागे पोराला पीटीओ शाफ्ट फिरवायला सांगतो. अर्ध्याहून अधिक वेळ हात हाउसिंगवर ठेवून गप्प उभा राहतो. जुळलं की फट हाताच्या धक्क्यानेच मिटते. बोल्ट नंतर. ट्रकमध्ये तर गिअरबॉक्स चकत्यांच्या आधारावर लोंबकळत सोडून चहाला जाणं हा गुन्हाच; वजनाने चकती वाकते, मग क्लच दाबूनही सुटत नाही आणि गिअर किरकिरतात. मालक दोष नव्या प्लेटला देतो.

शेवटी क्लच सोडवणारे लीव्हर. तिन्ही लीव्हरची टोकं एका पातळीत, पीटीओच्या लीव्हरची फट फीलर गेजने ठरलेली. मग इंजिन चालू करून पीटीओ जोडायचा आणि पेडल अर्धं दाबायचं. चाकं थांबली, मागचा शाफ्ट फिरत राहिला, पूर्ण दाबल्यावर तोही थांबला, तर ट्रॅक्टर शेतावर जायला मोकळा. दोन्ही एकदमच थांबले किंवा मागचा शाफ्ट थांबलाच नाही, तर फट चुकली. काही ट्रॅक्टरांच्या बेल हाउसिंगला छोटं झाकण असतं, तिथून ती दुरुस्त होते. ज्यांना झाकण नाही, त्यांच्यासाठी पाचरी आणि ट्रॉली पुन्हा बाहेर निघतात.