पट्टा किती ताणावा?

पिठाच्या गिरणींत गरगर फिरणारा लांब पट्टा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तो घसरूं लागला कीं त्याला राळ लावणारा गिरणीवालाहि कित्येकांच्या स्मरणांत असेल. आज त्याच जातीच्या पट्ट्याच्या एका अधिक अवघड कामगिरीविषयीं बोलावयाचें आहे.

मोटारीचें सामान्य इंजिन दट्ट्यांच्या ओढीनें हवा आंत घेतें. सुपरचार्जर ती दाबून भरतो. त्यामुळें तेवढ्याच इंजिनांतून अधिक शक्ति मिळते. मात्र सुपरचार्जर फिरविण्याची शक्ति इंजिनाच्याच क्रँकशाफ्टकडून, बहुधा पट्ट्यानें, घ्यावी लागते. कारखान्यांत बसवून आलेल्या सुपरचार्जरच्या कप्प्यांचें, आधारांचें व ताणाचें गणित अगोदरच झालेलें असतें. हौसेनें मागाहून बसविणाराला तें स्वतः करावें लागतें.

समजा, सुपरचार्जरला ४० अश्वशक्ति लागते आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला ५० मीटर आहे. तेव्हां पट्ट्याच्या ताठ बाजूचा ताण ढिल्या बाजूपेक्षां सुमारें ६० किलोग्रॅम वजनाइतका अधिक असला पाहिजे. हा फरक घर्षणाला पेलला नाहीं, तर पट्टा घसरतो, कर्कश ओरडतो, काळी भुकटी पडते, आणि इंजिनाचा वेग वाढला तरी हवेचा दाब मात्र खालावतो.

अशा वेळीं पट्टा आणखी आवळावा, असेंच प्रथम मनांत येतें. आणि येथेंच घात होतो. दोन्ही बाजूंच्या ताणांचा एकत्रित भार सुपरचार्जरच्या बेअरिंगवर व क्रँकशाफ्टच्या टोंकावर पडतो. पट्टा सहज बदलतां येतो. क्रँकशाफ्ट मोडला तर सारें इंजिनच उकलावें लागतें.

म्हणून आवळण्यापूर्वीं कप्पीला पट्ट्याचा वेढा किती आहे, तें पाहावें. अठराव्या शतकांतील गणिती ऑयलर याच्या नियमाचा अर्थ असा: ६० अंशांच्या वेढ्यानें ताठ बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या दुप्पट राहूं शकत असेल, तर १२० अंशांनीं तो चौपट व १८० अंशांनीं आठपट राहूं शकतो. यास्तव ताण देणारी कप्पी ढिल्या बाजूस, लहान कप्पीच्या जवळ, पट्ट्याच्या पाठीवर बसवावी. म्हणजे वेढा वाढतो. सर्व कप्प्या एका रेषेंत असाव्यात, आणि आधार भक्कम असावा. आधारच वांकला तर ताण टिकत नाहीं.

आतां ताण मोजावा कसा? इंजिन बंद व थंड असतां, दोन कप्प्यांमधील मोकळा पट्टा मध्यभागीं, तो बनविणारानें सांगितलेल्या भारानें दाबावा. १६ इंच अंतरास पाव इंच दबणें हें सामान्य प्रमाण होय. दुसरी परीक्षा कानाची. पट्टा तारेसारखा छेडला असतां त्याचा सूर ताणाबरोबर चढतो. परंतु एक सप्तक चढण्यास ताण चौपट व्हावा लागतो. तंबोऱ्याच्या तारा लावणारास ही गोष्ट समजावून सांगावयास नको. याच तत्त्वावर चालणारीं मापकयंत्रेंहि आहेत.

दांतेरी पट्ट्याची गोष्ट निराळी. त्याचे दांत कप्पीच्या खांचांत बसतात, म्हणून त्याला घर्षणासाठीं ताणावें लागत नाहीं. शिवाय इंजिन तापून प्रसरण पावलें कीं तो आपोआप ताणला जातो. यास्तव थंड असतां तो किंचित् मोकळाच ठेवावा.

नवा पट्टा प्रारंभीं थोडा लांबतो; कांहीं वेळ चालवून, इंजिन पुन्हां थंड झाल्यावर ताण तपासावा. घर्षणावर चालणाऱ्या पट्ट्यापुरता नियम एवढाच: पूर्ण भार असतां पट्टा घसरणार नाहीं असा कमींत कमी ताण, तोच योग्य ताण.