पिल्लू देण्याआधी घर बघा



भाद्रपद महिना कुत्र्यांचा, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, गावात जिकडंतिकडं पिल्लं दिसू लागतात. कुणाच्या कडब्याच्या गंजीखाली, कुणाच्या गोठ्याच्या आडोशाला. डोळे उघडून दुडूदुडू चालायला लागली की पोरं त्यांच्या मागे. आणि मग एक दिवस घरातलं कुणीतरी ती पिल्लं पोत्यात घालतं आणि ओढ्यापलीकडे, नाहीतर शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडून येतं.

त्या पोत्यात कोण असतं, कधी पाहिलंय? नर पिल्लं आधीच कुणी ना कुणी राखणीला नेलेली असतात. उरतात त्या बहुतेक माद्या. "कुत्री नको बाई, दर वर्षी विते," असं आपणच म्हणतो. त्यातली जी जगते, ती पुढच्या वर्षी पुन्हा चार-सहा पिल्लं घालते. पोतं पुन्हा भरतं.

शहरांमध्ये अशा बेवारस कुत्र्या-मांजरांसाठी निवारा केंद्रं आणि दवाखाने आहेत. मुंबईत परळला बाई सकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आपल्या गावाजवळ असं केंद्र बहुधा नसेल. पण त्यांची कामाची रीत समजून घेतली, तर त्यातलं बरंच काही आपल्याला गावात, गटाच्या बळावर करता येतं.

निवारा केंद्रात काय चालतं?

पुष्कळांना वाटतं, निवारा केंद्र म्हणजे कुत्री आयुष्यभर कोंडून ठेवायची जागा. तसं नाही. चांगल्या केंद्राचा प्रयत्न असतो की प्राणी बरा व्हावा आणि लवकरात लवकर कुणाच्या तरी घरी जावा. एका जागी गर्दी झाली की आजार पसरतात आणि भांडणं होतात. खर्चही वाढत जातो.

प्राणी आला की आधी त्याला इतरांपासून वेगळं ठेवतात. पिल्लांमध्ये पार्व्हो नावाचा आजार फार झपाट्याने पसरतो. उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. म्हणून नवं पिल्लू लगेच जुन्या पिल्लांत सोडत नाहीत. मग डॉक्टर तपासतात. जंताचं औषध देतात. गोचीड, पिसवा, खरूज यांवर उपचार होतात. वयाप्रमाणे लसी दिल्या जातात आणि वय झालं की नसबंदीची शस्त्रक्रिया होते.

याच काळात तिथले लोक प्राण्याचा स्वभाव बघतात. हा लहान मुलांत रमतो का? कोंबड्या दिसल्या की मागे लागतो का? खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का? हे कळल्याशिवाय त्याला योग्य घर मिळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्यायचं असतं. फार लवकर तोडलेलं पिल्लू आजारी पडतं. आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच ते चावण्याचा जोर आवरायला शिकतं. ते शिकायचं राहिलं, तर पुढे खेळता खेळता दात लावतं.

कर्ज देतो तशी चौकशी

आपल्या गटात कुणी कर्ज मागितलं तर आपण लगेच पैसे काढून देतो का? आधी मागणी अर्ज घेतो. पैसा कशासाठी, फेड कशी करणार, घरात कुणाची हरकत नाही ना, हे विचारतो. मगच ठराव होतो, आणि नंतर हप्ता येतो की नाही यावर लक्षही ठेवतो. दत्तक देणारं केंद्र अगदी तसंच वागतं.

पिल्लू मागायला आलेल्याला ते विचारतात:

- घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? की एकट्या मुलाचा हट्ट आहे?
- दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर त्याला कोण बघेल?
- चोवीस तास साखळीला बांधून ठेवणार का?
- दरवर्षी लस टोचून आणाल का?
- मादी असेल तर नसबंदी कराल का?
- कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. तेवढी वर्षं सांभाळाल का?

काही केंद्रांची माणसं घर बघून येतात. लेखी करार करून घेतात. सांभाळणं जमलं नाही तर प्राणी रस्त्यावर सोडायचा नाही, केंद्रात परत आणायचा, अशी अट त्यात असते. नंतर फोन करून, फोटो मागवून विचारपूस चालू राहते. उत्तरं पटली नाहीत तर ते सरळ नाही म्हणतात. चुकीच्या घरी गेलेलं पिल्लू सहा महिन्यांनी पुन्हा रस्त्यावर येतं, आणि तेव्हा ते मोठं झालेलं असतं. मोठ्या कुत्र्याला घर मिळणं पिल्लापेक्षा अवघड.

मादी कुणी नेत नाही, त्याचं काय?

केंद्रांनाही हीच अडचण येते. विचारायला येणारे बहुतेक जण नरच मागतात. यावर उपाय एकच, नसबंदी. साधारण सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांच्या सल्ल्याने मादीची शस्त्रक्रिया करता येते. नंतर साधारण दहा दिवस टाके ओले होऊ द्यायचे नाहीत आणि तिला ते चाटू द्यायचे नाहीत. मग ती माजावर येत नाही, दारात दहा कुत्री गोळा होत नाहीत, पिल्लांचा प्रश्नच उरत नाही. राखण मात्र ती नराइतकीच करते. "एकदा तरी विऊ द्यावी, नाहीतर तब्येत बिघडते" असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही, आणि सडांच्या गाठींचाही धोका बराच कमी होतो.

नको असलेलं अपत्य मुलगी आहे म्हणून टाकून देणं किती वाईट, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुक्या जिवाच्या बाबतीतही तोच विचार करू या.

हा फक्त दयेचा विषय नाही

रेबीज एकदा अंगात भिनला, लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळपास वाचतच नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना हे पाठ हवं:

- कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना, तंबाखू काहीही लावू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना लस घ्या. दोन इंजेक्शनं घेऊन थांबू नका.
- छोटं पिल्लू चावलं तरी लस घ्यायचीच. पिल्लालाही रेबीज होतो.
- गाय, म्हैस, शेळी लाळ गाळत असेल, घास गिळत नसेल, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं तिला चावलेलं असू शकतं. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा.

कुत्र्याला लस टोचणं म्हणजे आपल्या पोरांना आणि गोठ्यातल्या जनावरांना वाचवणं. गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी पिसाळलेल्या कुत्र्याने चावली तर नुकसान कुणाचं?

शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गावोगाव जाऊन कुत्र्यांना लसी टोचल्या, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस झाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशोब. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तिथे कुत्री मारली नाहीत, टोचली.

मारून प्रश्न सुटत नाही. एका गल्लीतली कुत्री मारली किंवा हाकलली तर उकिरड्यावरच्या अन्नासाठी दुसरीकडची येतात, आणि त्यांना लस झालेली नसते. शिवाय कुत्र्याला विष घालणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. पाळलेला प्राणी उपाशी मरेल असा सोडून देणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

मांजरांसाठी दोन शब्द

धान्याच्या कणगीला मांजरासारखी राखण नाही. पण मांजर पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीनदा विते. म्हणून तिचीही नसबंदी करा. नवीन घरी आणलेलं मांजर दोन-तीन आठवडे घरातच ठेवा, नाहीतर ते जुनी जागा शोधायला निघून जातं. उंदरांचं विषारी औषध टाकत असाल तर सावध राहा, विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते. आणि मांजराला माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, कधीही देऊ नका. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

गटाच्या सभेत काय करता येईल?

पहिलं, एक वही घाला. गावात किती कुत्री आहेत, किती माद्या, कुणी विणार आहे का, लस कुणाला झाली, हे वस्तीप्रमाणे लिहा. पशुसखीताईंची मदत घ्या.

दुसरं, पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रेबीज लसीचं शिबिर गावात घेता येईल का, ते विचारा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास शिबिर मागायला निमित्त चांगलं आहे. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी.

तिसरं, महिला ग्रामसभेत विषय मांडा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतही त्यात आली. तोंडी सांगून सोडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आपल्या घरच्या कुत्रीची नसबंदी मात्र आपणच करायची.

चौथं, गावात पिल्लं झाली तर प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा. एका गावात पाच पिल्लं जास्त असतात, तेव्हा दुसऱ्या गावात कुणाला मळ्यावर राखणीला हवं असतं. पण देताना वर लिहिलेले प्रश्न विचारा, आणि मादी देताना नसबंदीचं कबूल करून घ्या. वहीत सही घ्या. दोन महिन्यांनी कुणीतरी जाऊन बघून या.

पाचवं, उकिरडा झाका. लग्नाचं, जत्रेचं उष्टं उघड्यावर टाकू नका. जिथे अन्न, तिथे टोळी.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही. बचतही एका महिन्यात कुठे जमली होती? पुढच्या मासिक सभेत हप्त्यांचं झालं की हा विषय घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. आणि या वर्षी तुमच्या अंगणात पिल्लं झाली तर पोतं शोधू नका, वही उघडा. सगळ्यात आधी मादी पिल्लांसाठी घर बघा. नरांना घर आपोआप मिळतं.