पहिल्या तासाची झोप

झाशीत इलाइट चौराह्याजवळच्या शाळेत मी शिकवायचे. नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला हमखास पेंगायचा. दोनदा रागावले. तिसऱ्यांदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं: आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांना रेल्वेत रातपाळी, धाकटीचा डबाही हाच करायचा. मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग गृहपाठ मधल्या सुट्टीत, माझ्याशेजारी बसून. उशिराची नोंद महिनाभर केली नाही. नियमात बसत नव्हतं, असो.

नियमांचंच म्हणाल तर, २००९चा शिक्षण हक्क कायदा मारासोबत मानसिक छळालाही मनाई करतो, पण तो आठवीपर्यंतचा. नववीचं वादळ वर्गशिक्षकाच्याच पदरात. फळ्याच्या कोपऱ्यात मी दोन क्रमांक लिहून ठेवायचे: मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. पुसणाऱ्यालाही ते पाठ झाले होते.