पितळी रिंगची फट

१९६२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारचा गिअरबॉक्स उघडला, की नजर आधी गिअरच्या दातांवर जाते. पण दोष बहुधा सिंक्रोमेशच्या पितळी रिंगमध्ये असतो. गिअरच्या निमुळत्या भागावर घासून ती वेग जुळवते. तिच्या आतल्या बारीक रेघा मधलं तेल कापतात. त्या झिजल्या की गिअर करकरतो. (१९६७ पर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हताच, तिथली करकर चालकाची!) रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबून बसवा, रिंग आणि गिअर यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. फट मर्यादेपेक्षा कमी भरली, तर रिंग बाद. रिंगनंतर लेशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधला समांतर शाफ्ट, पाहा: त्यावर नीडल बेअरिंग फिरतं तिथे नख फिरवा. खड्डे लागले तर शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदला. एकच बदलणं ही खोटी काटकसर.